अस्वलाचा आकडा

शनिवार, दिवेलागण

मी सांगते, नात सुमन लिहिते. आज माझ्या हातून वाईट झालं. आमच्या म्हाताऱ्याचा तो कार्टूनातल्या अस्वलाचा व्हिडिओगेम फिका दिसायला लागला. नवे सेल आणायचे तर धसईच्या बाजाराला चार दिवस होते, म्हणून टॉर्चचे ठेवतो तसे त्याचे सेल काढून उन्हात ठेवले. परत घातले, तर म्हाताऱ्याने आजारपणात खेळून केलेला आकडाच गेला. नुसती शून्यं, तेवढी मला कळतात.

माझ्याशी बोलला नाय तेवढा म्हातारा त्या अस्वलाशी बोलला. तरी तो गेल्यापासून त्याचा आकडा मी रोज बघायची. कशाला काढले मी सेल?

"आजे, आकडा सांग, वहीत लिहून ठेवते," सुमन म्हणते.

काय सांगू गो? रोज बघितला, पण मला वाचता कुठं येत होता?