अण्णांच्या नावावरचं मीटर

प्रिय मधु,

फोन केला की तू आधी माझ्या गुडघ्याची चौकशी करतोस आणि मग मला बोलूच देत नाहीस. म्हणून हे पत्र. गुडघा बरा आहे. डोंबिवलीच्या आपल्या घरात मात्र आठ दिवस लाईट नाही. सकाळच्या उजेडात गच्चीत बसून लिहितेय.

त्या मंगळवारी तू पोचलास तेव्हा वीज कंपनीच्या तपासणी पथकाने मीटर काढून खोक्यात सीलबंद केलं होतं. तळमजल्याची आपली भाडेकरू हौसाबाई जिन्याखाली उभी होती, हात कोपरापर्यंत इडलीच्या पिठाने माखलेले. साहेब विचारत होते, "मीटर कोणी उघडलं?" आणि ती सारखी म्हणत होती, "सायेब, मला ग्राइंडरचं बटन दाबायचं तेवढं समजतं." तेवढ्यात तू रिक्षातून उतरलास. मला वाटलं, आता तू खरं बोलशील. तू म्हणालास, "मीटर आमच्या वडिलांच्या, अण्णांच्या नावावर आहे, ते वारले. मी ठाण्याला राहतो. तळमजला या बाईच्या ताब्यात, वापर हिचा, जबाबदारी हिची. आम्ही सुशिक्षित माणसं, साहेब. असले उद्योग आमच्याकडे होत नाहीत." आणि कॉलर सारखी केलीस. लहानपणी कोणाची वही लपवून दुसऱ्याकडे बोट दाखवायचास, तेव्हाही चेहरा असाच सोज्वळ असायचा. आता केस रंगवतोस, इतकाच फरक.

सुशिक्षित खरंच. अडाणी माणसाला हे सुचलं नसतं. दोन वर्षांपूर्वी दिवाळी झाल्यावर तू वायरमनला घेऊन आलास, ते मी वरून पाहिलं. "मीटर फार पळतंय ताई, जरा दुरुस्ती," म्हणालास. त्या दुरुस्तीनंतर साऱ्या घराचं बिल निम्म्यावर आलं. हौसाबाईच्या सबमीटरला मात्र तू हात लावला नाहीस, तिच्याकडून प्रत्येक युनिटचे पुरे पैसे घेत राहिलास. चोरलेली वीज तू तिला विकत होतास रे! चोराला निदान धाकधूक असते. तू दर महिन्याला येऊन तिच्या हातची इडली खाऊन, वर चटणी पातळ झाली म्हणून जायचास.

आणि मी? माझाही पंखा त्याच मीटरवर फिरत होता. तीस वर्षं शाळेत मुलांना प्रश्न विचारायला शिकवलं आणि तुला एक प्रश्न विचारला नाही, कारण उत्तर ठाऊक होतं. तुझी किळस येते तेव्हा त्यातली थोडी माझी मलाच येते.

पोलिसांनी हौसाबाईला तीनदा बोलावलं. तिसऱ्या खेपेनंतर ती वर आली, उंबऱ्यातच बसली आणि म्हणाली, "ताई, माझ्या हातून कायतरी चुकलं असंल. काय ते तुमी तरी सांगा." तिला संशयसुद्धा स्वतःचाच आला, मधु. तिला पाणी देतानाही मला तिच्याकडे बघवलं नाही.

त्याच संध्याकाळी तुझं पाकीट आलं, सोबत पेढे. आत करारपत्र होतं: मीटरची सगळी जबाबदारी भाडेकरूची. तारीख तीन वर्षांपूर्वीची. हौसाबाईच्या अंगठ्याला जागा कोरी, साक्षीदार म्हणून माझं नाव छापलेलं. आणि तुझ्या सुरेख अक्षरातली चिठ्ठी: "ताई, तिचा अंगठा घे आणि तू सही कर. तिला वाचता येत नाही, काही कळणार नाही." बाईला वाचता येत नाही म्हणून तिला तुरुंगात धाडायचं, आणि तिचा अंगठा धरायला बहिणीला नेमायचं! इतका हलका माणूस माझ्याच पाठीवर जन्मला, हे मला आजवर दिसलं नाही.

आता लिहायचं कारण. काल मी हौसाबाईला घेऊन पोलीस ठाण्यात गेले. करारपत्र दिलं, चिठ्ठी दिली. वायरमन कोणी आणला, सबमीटरचे पैसे कोण घेत होतं, सगळं जबाबात सांगितलं. मला माहीत होतं आणि मी गप्प बसले, हेही लिहून घ्या म्हटलं. फौजदार दोनदा म्हणाले, "बाई, हे तुमच्यावरही येईल." येऊ दे. आपल्या शेजारचा आनंद कामाला ठाण्याला जातो, त्याच्या हाती हे पत्र देतेय. पोलीस उद्या तुझ्याकडे येतील. हेमाला आणि मुलांना ते त्यांच्या तोंडून कळू नये, आज तू स्वतः सांग. माझं मन वळवायला हेमाला पाठवू नकोस. आली तर जेवू घालीन, पण जबाब बदलणार नाही.

नाइलाजाने का होईना, तुझीच,
सुमतीताई