डावा पाय

दाना ओली, ग्वाल्हेर
१९ नोव्हेंबर २०२४

चि. संग्राम यास,

दादाचे आशीर्वाद. आम्ही इकडे ठीक आहोत, नाशिकला तुम्हीही ठीक असाल असं धरून चालतो. पाकिटावरचं अक्षर ओळखून न फोडताच ठेवून दिलं नसशील तर पुढे वाच. फोन केला असता, पण तू "हं, बोल" म्हणतोस आणि मग मलाच बोलता येत नाही. पत्ता गरिमाने दिला. काका-पुतणीचं बोलणं चालू असतं हे मला माहीत आहे. मला माहीत नाही असं तिला वाटतं, तर वाटू दे.

बातमी अशी की मी गाडी बदलली. पिकअपच घेतली, पण ऑटोमॅटिक. सहा वर्षं वापरलेली आहे, नोएडाच्या एका ठेकेदाराची. हसू नकोस. बिनक्लचची गाडी म्हणजे बिनमिठाची डाळ असं म्हणणारा मीच होतो, लक्षात आहे माझ्या. पण डावा गुडघा गेला. रोज दाल बाजारातून बेसनाची पोती भरायची आणि मुरार, थाटीपूर, हजिऱ्याच्या मिठाईवाल्यांकडे पोचवायची, त्यात गर्दीत मिनिटाला चार वेळा क्लच. डॉक्टर म्हणाले, शिवाजीराव, क्लच सोडा नाहीतर जिना सोडा. आपलं घर तिसऱ्या मजल्यावर, म्हणून क्लच सोडला.

आता तू गिअरबॉक्सचा माणूस, तर मला एक सांग. ब्रेकवरचा पाय काढला की ही गाडी आपली आपण पुढे सरकते. ऍक्सिलेटरला पायसुद्धा लावलेला नसतो. का? धक्का कोण देतं? तुझं गॅरेज होतं तिथे आता सौरव नावाचा पोरगा बसतो, त्याला विचारलं. तो म्हणाला, "अंकल, कंप्यूटर सोचता है." मी म्हटलं, बेटा, सोचता कंप्यूटर है, पर ढकलता कौन है? तो परत कंप्यूटरच्याच तारा दाखवायला लागला. तू असतास तर झाकण उघडून दाखवलं असतंस.

शेवटी गरिमाने मोबाइलवर चित्र दाखवलं. डब्यात तेल, तेलात समोरासमोर दोन पंखे. एक इंजिनाचा, दुसरा गिअरबॉक्सचा. एकमेकांना शिवत नाहीत. पहिला फिरला की तेल फिरतं आणि तेल दुसऱ्याला फिरवतं. माझा काही विश्वास बसेना. मग मी घरातले दोन्ही टेबलफॅन समोरासमोर ठेवले आणि एकच चालू केला. संग्राम, दुसरा फिरायला लागला रे. प्लग काढलेला, आणि फिरतोय. अर्धा तास बघत बसलो. तुझी वहिनी शाल गुंडाळून आली आणि म्हणाली, "अहो, थंडीत दोन-दोन पंखे, काय डोकं-बिकं फिरलंय का?" मी म्हटलं, सुलोचना, तू पण बस, बघ. बसली बिचारी पाच मिनिटं.

दुसरा प्रश्न. चढावर गाडी थांबवून परत उचलली तर तेल तापत असेल ना? किती तापतं? पण चढाचं पुढे लिहितो.

पहिल्या दिवशी मात्र फजिती झाली. महाराज बाड्याच्या चौकात पोस्ट ऑफिससमोर एक गाय आडवी आली. गाडी थांबवायची म्हणून सवयीने डावा पाय क्लचवर मारला. तिथे क्लच कुठला? हा रुंद ब्रेक. गाडी जागच्या जागी गपकन थांबली, मागे बेसनाचं पोतं फुटलं आणि तुझी वहिनी डॅशबोर्डवर हात टेकून म्हणाली, "मला माहेरी पाठवायचंय तर तिकीट काढून द्या सरळ." गाय तशीच रवंथ करत उभी. पुढे चार दिवस मी पायाला बजावत होतो, बाबा, तुझी नोकरी संपली, तू रिटायर झालास. मग वाटलं, ऐकलं त्याने.

महिन्याने गरिमा स्कूटीवरून माझ्या मागे मागे थाटीपूरपर्यंत आली. उतरल्यावर म्हणते, "बाबा, तुमची ब्रेक लाइट पूरे रस्ते जळत होती." मी म्हटलं वायरिंग लूज असेल. सौरवने बघितलं, वायरिंग ठीक होतं. मग ती म्हणाली तुम्ही पाय ठेवत असाल. मी चिडलो. चाळीस वर्षं गाडी चालवतोय, माझा पाय कुठे आहे ते मला कळत नाही होय? तुला माझा राग माहीत आहे. पण राग उतरल्यावर डोक्यात किडा वळवळायला लागला. म्हणून दुसऱ्या दिवशी तंबाखूच्या डबीतला चुना ओला करून डाव्या बुटाच्या तळव्याला फासला आणि गाडी नेहमीच्या फेरीला काढली. पूर्ण ध्यान ठेवून चालवली. पाय खाली, बाजूला, जमिनीवर आहे अशी माझी खात्री होती.

परत येऊन वाकून पाहिलं. ब्रेकची डावी बाजू पांढरीफट्ट.

मग घरामागच्या मोकळ्या अहात्यात गेलो. आपली तुझ्या वेळची पिकअप तू गेलास तेव्हापासून तिथेच उभी आहे, विकवली नाही. तिच्यात तू शेवटची क्लचप्लेट बसवलीस त्याच दिवशी दोन्ही पॅडलांना नवं रबर लावलं होतंस. ब्रेकच्या रबरावरच्या रेघा अजून आहेत. क्लचच्या रबराला एका कडेला लोखंड दिसतंय. रबर बसवल्यावर गाडी चालली चारच महिने, आणि तेवढ्यात लोखंड.

तर आता चढाचं.

त्या दिवशी किल्ल्यावर गुरुद्वाऱ्याच्या लंगरची डाळ घेऊन आपण उरवाईच्या चढावरून चाललो होतो, तू डावीकडे बसला होतास. अर्ध्यावर प्लेट जळाली, गाडी मागे घसरली आणि भिंतीला लागली. कुणाला खरचटलंही नाही, त्याची कृपा. त्या आधीही चार-पाच वेळा तू म्हणालास, "दादा, पाय काढ." मी म्हटलं, काढलाय. मला खरंच तसं वाटत होतं. क्लचवर पाय टेकवून टेकवून ती प्लेट मीच जाळली. हे आत्ता कळलं, असं लिहून थांबता आलं असतं.

पण पुढचं मी त्या दिवशीही जाणूनबुजून केलं. संध्याकाळी दाल बाजारात, सगळ्या व्यापाऱ्यांसमोर मी म्हणालो की संग्रामने सख्ख्या भावाच्या गाडीत डुप्लिकेट प्लेट घातली. भिंतीला गाडी मी लावली हे कबूल करायची लाज वाटली म्हणून म्हणालो. तू नुसता माझ्या पायाकडे बघत राहिलास. महिन्याभरात तुझ्याकडे गाड्या यायच्या बंद झाल्या. जो भावाला फसवतो तो आपल्याला काय सोडेल, असं लोक म्हणायचे. हे माझ्या कानावर यायचं आणि मी गप्प बसायचो. तुझ्या मुलांच्या शाळा अर्ध्यावर सोडवून तू नाशिकला निघालास तेव्हा स्टेशनवर मी आलो नाही.

आणखी एक आहे. तू गेल्यावर दोन महिन्यांनी मला आपल्या दुकानात पोत्यांमागे त्या प्लेटचा खोका सापडला. रिकामा, पण कंपनीच्या शिक्क्यासकट. प्लेट अस्सल होती. मी तो खोका घरी आणला. त्यात तुझी वहिनी बटणं ठेवते, कशाचा आहे तिला माहीत नाही. म्हणजे नव्हतं, काल सांगितलं. तिने बटणं पदरात ओतून घेतली आणि खोका माझ्यासमोर ठेवून स्वयंपाकघरात गेली. बरोबरच आहे तिचं.

आज सकाळी तो खोका घेऊन दाल बाजारात गेलो. जिथे तेव्हा बोललो होतो त्याच पायऱ्यांवर उभा राहिलो. तेव्हाच्यांपैकी तिघेच उरलेत. त्यांना सांगितलं, ग्यारह साल पहले मैंने झूठ बोला था. प्लेट असली थी, पाँव मेरा था. मला वाटलं होतं थुंकतील तोंडावर. सगळ्यांत म्हाताऱ्या सेठजींनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "शिवाजीराव, हम तो कब के भूल गए. जिसे याद है, उससे कहो."

म्हणून तुला सांगतोय. मी खोटं बोललो, संग्राम. तुझा हुन्नर, तुझं नाव, तुझं गाव मी घालवलं, एका पायाच्या हट्टापायी. माफ कर म्हणायला जीभ रेटत नाही, कारण माफ केलंस तर मी परत आरामात झोपेन, आणि तू तर अकरा वर्षं परक्या गावात उभं राहायला झिजलास. तरी म्हणतो. माफ कर.

त्या दिवसानंतर मी उरवाईच्या चढाला गाडी लावलेली नाही. लंगरची डाळ दर पंधरवड्याला भाड्याच्या गाडीने जाते, ड्रायव्हरच्या बाजूला मी डोळे मिटून बसतो. आता नव्या गाडीने न्यायची आहे. तेल किती तापतं ते तिथेच कळेल. डाव्या पायाला मी सध्या सीटखाली मागे दुमडून बसवतो, पण लक्ष चुकलं की तो पुढे येतो. माझं मला कळत नाही, हे तर सिद्धच झालंय.

ग्वाल्हेरला ये. डावी सीट मी रिकामी ठेवली आहे, तिथे पोतंसुद्धा ठेवू देत नाही कुणाला. रागावून ये, भांडायला ये, वाटलं तर बाजारात चारचौघांत मला चार शब्द सुनाव. पण चढ लागला की माझ्या पायाकडे बघून एकदा तेवढं म्हण. या वेळी मी काढलाय असं म्हणणार नाही, काढीन.

तुझ्या उत्तराकडे कान लावून बसलेला,
तुझा दादा,
शिवाजी