काट्यावरचं पाणी

७ जुलै, सोमवार

रिपोर्ट आले. रक्तगट जुळतो, बाकीचंही सगळं जुळतं, फक्त माझ्या लिव्हरवर चरबी आहे. त्यामुळे दादाला तुकडा देता येणार नाही, निदान आत्ता तरी. डॉक्टर म्हणाले, "पाच-सहा आठवड्यांत उतरवा, मग परत बघू." म्हणजे रिजेक्ट नाही, रिवर्क. सतरा वर्षं सातपूरच्या कंपनीत तपासणीला बसून लोकांचे पार्ट रिवर्कला पाठवतेय, आज माझी पाळी.

मनमाडला दादाला फोन केला. उभा जन्म रेल्वेत गेला, दारूला कधी शिवला नाही, आणि लिव्हर गेलं ते त्याचंच. म्हणाला, "ठमे, तुला लहानपणीच सांगत होतो, श्रीखंडाची वाटी चाटू नकोस." त्याच्याकडे फार महिने नाहीत, हे दोघांनाही माहीत आहे.

९ जुलै, बुधवार

घरचा काटा भरवशाचा नाही. एका पायावर जोर दिला तर अर्धा किलो कमी दाखवतो. कंपनीतला डिस्पॅचचा काटा घ्यायचा. कॅलिब्रेशन मागच्याच महिन्यात झालंय. पहाटे गेटवर गाडी लावायची, वजन, त्र्यंबक रोडने पाऊण तास चालणं, परत वजन, मग फर्स्ट शिफ्ट.

आधी ७४.६०. नंतर ७४.१५.

साडेचारशे ग्रॅम. पहिल्याच दिवशी. डिस्पॅचचे जाधव म्हणाले, "मॅडम, आता खोक्यात भरून लेबल लावू का?"

१४ जुलै, सोमवार

आ. ७४.३५, नं. ७३.६०. आज नवऱ्याचा, प्रकाशचा, रेनकोट घालून चालले. पाऊस नव्हता. त्याला संध्याकाळी प्रश्न पडला, बाहेरून कोरडा रेनकोट आतून ओला कसा. सांगितलं नाही.

चालून आल्यावर पाणी प्यायचं नाही असं ठरवलंय. प्यायलं की आकडा वर जातो. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी बराचसा परत आलेला असतो. खाण्याचा दोष. एक वेळ जेवावं.

२३ जुलै, बुधवार

आ. ७२.९०. एकवेळ जेवण मानवतंय. फक्त गेज हातात धरताना बोटं थरथरली. बेअरिंगच्या रिंगा दोनदा मोजाव्या लागल्या. ईशा म्हणाली, "आई, तुझा चेहरा बारावीच्या पोरीसारखा झालाय." बारावीला तीच आहे. तिला एवढंच सांगितलंय की मामाला मदत करायची आहे. ऑपरेशनमध्ये माझं काय काय कापतात ते विचारलं नाही तिने. मीही सांगितलं नाही.

२८ जुलै, सोमवार

पहिला श्रावणी सोमवार. उपवास. सकाळी साबुदाणा खिचडी, दुपारी बटाट्याचा कीस, रात्री वरईचे तांदूळ नि दाण्याची आमटी. शनिवारीही धरणार आहे. उपवास म्हटला की हिशेब न करता खायचं, असा आपल्याकडे नियम दिसतो. तरी आ. ७२.४०, म्हणजे चाललंय बरोबर.

३ ऑगस्ट, रविवार

मनमाडला जाऊन आले. दादाचे डोळे हळदीसारखे. दंड माझ्या मनगटाएवढे राहिलेत आणि पोट मात्र टम्म. पोटात पाणी भरतं, दर दहा-बारा दिवसांनी काढतात. पाणी मोजून पितो, खुणा केलेली बाटली उशाशी. त्याचं वजन आठवड्यात तीन किलो वाढलंय. शेजारीण येऊन म्हणाली, "वजन धरलं की भाऊंनी!" वहिनी आत जाऊन रडली.

मग वहिनीने मला ओट्याशी गाठलं. "मी त्र्यंबकराजाला नवस बोलले. तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी, पाण्याचा थेंब न घेता. माझे गुडघे चालत नाही, तुम्हीच करा ना ताई." मी एरवी असल्या गोष्टींना हसते. हसले नाही. शिवाय तेवढंच वजन उतरेल, हाही विचार मनात आला. लिहून ठेवते, कारण तो आला होता.

११ ऑगस्ट, सोमवार

फेरी. पहाटे कुशावर्तावरून निघाले. गर्दी अफाट, चिखल, वर धुकं, अंगात रेनकोट. आदल्या दिवशी दुपारपासून पोटात काही नाही.

पहिल्यांदा फार छान वाटलं. पहिने गाव सोडल्यावर तोंड कोरडं पडलं, मग घाम यायचाच थांबला. तो थांबला हे चांगलं की वाईट, ठरवता येईना. पुढच्या चढाला डाव्या पोटरीत असा गोळा आला की खालीच बसले. मग उजव्या. मग बोटं आखडली, चप्पल काढता येईना.

रस्त्याकडेला काकड्या विकणारी एक म्हातारी होती. तिने तांब्यात मीठ टाकलं आणि पुढे केला. म्हटलं, नवस आहे. ती म्हणाली, "देव काय तुला मारायला बसलाय का बाय? पी. मरशील तर नवस कोन फेडील?" प्यायले. दोन तांबे. काकडीही खाल्ली. मग जीपने परत. वहिनीला फोनवर सांगितलं, झाली फेरी.

१२ ऑगस्ट, मंगळवार

आ. ७०.१०. महिन्याभरात साडेचार किलो. जाधवांनी टाळ्या वाजवल्या. लघवी चहासारखी होतेय, पण आकडा आकडा आहे.

१४ ऑगस्ट, गुरुवार

परत स्कॅन, परत रक्त. लिव्हरवरची चरबी जवळपास होती तेवढीच. वर किडनीचा आकडा बिघडलाय. डॉक्टरांनी कागद दोनदा पाहिला. "साडेचार किलो गेले म्हणता, मग गेलं काय?"

आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. तिशीच्या असतील. मी वही पुढे ठेवली, रोजचे आधीचे-नंतरचे आकडे, दोन दशांश. त्यांनी सगळी पानं वाचली. मग विचारलं, "चालल्यानंतर किती पाणी प्यायचात?" म्हटलं, पीत नव्हते. "रेनकोट का?" मी वही मिटली.

त्या जे म्हणाल्या ते जसं आठवतं तसं. पाऊण तासात जे अर्धा-पाऊण किलो गेलं ते पाणी. चरबी त्यात बोटावर लावण्याएवढी. घाम शरीर गार ठेवायला येतो, चरबी वितळून नाही येत. चालायला लागलं की शरीर साखर आणि चरबी दोन्ही वापरतं. सावकाश, बोलता येईल असं चाललं तर चरबीचा वाटा मोठा, धापा टाकत चाललं तर साखरेचा. ती साखर स्नायूत आणि लिव्हरमध्ये पाण्यासकट साठवलेली असते, म्हणून उपाशी राहिलं की पहिल्या आठवड्यात वजन धाडकन उतरतं. तेही पाणीच. आणि साखर संपली, पोटात डाळ-दूध काही नाही, तरी चालतच राहिलं, तर शरीर स्वतःचे स्नायू मोडून त्यातलं प्रोटीन वापरतं.

"साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च," त्या म्हणाल्या. "उपवासाला तुम्ही लिव्हरला चरबीसाठी कच्चा माल देत होतात आणि स्नायू विकून खात होतात."

मी विचारलं, मग चरबी जाते कुठून. म्हणाल्या, "बहुतेक श्वासातून. जळते, आणि हवा होऊन नाकातोंडावाटे जाते. उरलेली पाणी होऊन." हे कुणी सांगितलंच नव्हतं कधी.

दादाचं वजन वाढलं होतं आणि तो झिजत होता. डोळ्यांसमोर होतं. मला कळलं नाही.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

सुट्टी. कालचं एक लिहायचं राहिलं. राहिलं नाही, टाळलं.

डॉक्टर म्हणाले, "असं नाही देता येणार." तेव्हा पहिला सेकंद मला सुटल्यासारखं वाटलं. दुसऱ्या सेकंदाला दादा आठवला. पण पहिला सेकंद होता. बसमध्ये सातपूरपर्यंत त्या सेकंदाकडेच बघत आले.

मी आयुष्यभर पार्ट मोजले, पण काय मोजायचं हे ड्रॉइंगवर दुसऱ्याने लिहिलेलं असायचं. इथे मी काटा अचूक निवडला आणि माप चुकीच्या गोष्टीचं घेतलं. अजाणता की जाणूनबुजून, सांगता येत नाही. भावाला लिव्हर द्यायचं असताना कुणी असं उपाशी राहून किडनी बिघडवतं का? भीती वाटते मला. टेबलावर झोपायची, न उठण्याची. ईशाची परीक्षा फेब्रुवारीत आहे.

दादाला सांगितलं, "अजून एक महिना." म्हणाला, "बरं." खोकला आला त्याला, फोन वहिनीने घेतला.

१९ ऑगस्ट, मंगळवार

नवी पद्धत. वजन आधी आणि नंतर घ्यायचं, पण कमी झालेलं तेवढं पाणी परत प्यायचं, थोडं जास्तच. आज ४०० ग्रॅम गेले, दोन मोठे पेले प्यायले. जाधव म्हणाले, "मॅडम, कमावलेलं परत करता?" म्हटलं, माझं नव्हतंच ते.

आठवड्यातून तीनदा पाण्याच्या बाटल्या हातात घेऊन उठाबशा. स्नायूला काम दिलं तर शरीर त्याला मोडत नाही, असं त्या बाई म्हणाल्या. जेवणात दोन्ही वेळा डाळ, मटकी, ताक. अंडं घरात श्रावण संपेपर्यंत नाही, प्रकाशचा नियम. कंपनीच्या गेटाबाहेरच्या गाडीवर दोन उकडलेली खाते, वर्तमानपत्रात गुंडाळून. तोंड पुसून आत येते.

२८ ऑगस्ट, गुरुवार

काल गणपती बसले. मोदक एक. एकच. प्रकाशने तीन वाढले होते, म्हणाला, "प्रसादाला कॅलरी नसते." दोन ईशाला दिले.

आ. ७०.९०. वाढलंय! पण पाणी परत आलंय म्हणून, घाबरायचं नाही म्हणे. कंबर दोन सेंटिमीटरने कमी. स्टीलचं माप, शिवणकामाची टेप नाही.

प्रकाश आता बरोबर चालतो. बोलता येईल असं चालायचं तर बोलायला कुणी हवं. आज पपया नर्सरीपर्यंत एक शब्द नाही, मग एकदम म्हणाला, "तू नाही म्हणालीस तरी मी तुला काही बोलणार नाही." मी म्हटलं, "पटपट चाल." त्याने ऐकलं नाही, तिथेच थांबला. मीही थांबले.

५ सप्टेंबर, शुक्रवार

आ. ७०.२०. कंबर अजून दीड. जिने चढताना धाप नाही. बोटं थरथरत नाहीत.

दादाला काल नाशिकला आणला, पुन्हा पाणी काढलं. पाच लिटर. कॅनकडे बघत म्हणाला, "ठमे, तुझं कमी होतंय आणि माझं काढून फेकतात. दोघांचा डाएट सारखाच." हसताना दुखलं त्याला. हात हातात घेतला. हाडं आणि कातडी, मधे काही नाही. मला तिथेच रडायला आलं, आणि रडले.

११ सप्टेंबर, गुरुवार

स्कॅन. अर्धा तास त्या नळकांड्यात. श्वास धरा, सोडा, धरा. सोडताना प्रत्येक वेळी वाटत होतं, गेली थोडी.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

चरबी मर्यादेत. किडनी ठीक. डॉक्टर खुश, आहारवाल्या बाईंनी वहीचा फोटो काढून घेतला.

मग हॉस्पिटलच्या समुपदेशक मॅडमनी मला एकटीला खोलीत बोलावलं. प्रकाशला बाहेर बसवलं. दार लावलं. म्हणाल्या, "हे आम्ही प्रत्येक दात्याला सांगतो. तुम्ही अजूनही नाही म्हणू शकता. म्हणालात तर घरच्यांना एवढंच सांगू, की लिव्हर वैद्यकीयदृष्ट्या बसत नाही. खरं कारण कुणालाही कळणार नाही. भावाला नाही, नवऱ्यालाही नाही. सोमवारी दहाला फोन करते."

बाहेर आले. प्रकाशने विचारलं. म्हटलं, शेवटचा रिपोर्ट सोमवारी.

१४ सप्टेंबर, रविवार

वहिनीचा फोन, पितृपक्षात ऑपरेशन नको म्हणतेय, मग नवरात्रात करू. तोवर दादा राहील का, हे तिला विचारवलं नाही. तिलाही सांगितलं, रिपोर्ट यायचाय.

चालले. आ. ६९.६५, नं. ६९.३०, पाणी प्यायले. सवय झालीय.

दोन्ही बाजू लिहून बघायला बसले. पान कोरं राहिलं. ईशा मागून येऊन गळ्यात पडली, "काय मोजतेयस आता?"

१५ सप्टेंबर, सोमवार

सुट्टी टाकली. साडेआठला दादाचा फोन. आवाज अगदी बारीक.

"आला का गं रिपोर्ट?"

"नाही अजून."

मग म्हणाला, "मलाही त्या मॅडमनी एकट्याला बसवून विचारलं होतं. बहिणीवर जबरदस्ती तर करत नाही ना. मी म्हटलं, केली असती, पण ती ऐकते कुणाचं."

मी हसले.

"ठमे."

"हं."

"रिपोर्ट आला की सांग. आणि नाहीच आला, तर तसाही फोन कर. रोजच्यासारखा."

मी अजून नाही म्हणू शकते, हे त्याला माहीत आहे. कधीपासून, कोण जाणे.

नऊ पन्नास. प्रकाश गॅलरीत उभा आहे, आत येत नाही. दोन पेले पाणी प्यायले, तरी तोंड कोरडं.

दहा वाजून दोन मिनिटं. फोन वाजतोय. हॉस्पिटलचा नंबर.