उरले सत्तावीस तास

२ जानेवारी, पहाटे ५.४०
संकल्प: रोज मॅन्युअलची दहा पानं. साखर बंद.
माझे उड्डाणाचे तास १४७१. पंधराशे झाले की साहेब मला त्यांच्या जेटचा कॅप्टन करणार. लिफ्टमध्ये तसं म्हणाले होते. म्हणजे "बघू" म्हणाले, पण मान हलवून. को-पायलटची उजवी सीट आता थोड्याच दिवसांची. उरले एकोणतीस. घोडामैदान जवळच आहे.
सौ.ची दुसऱ्या शहरात बदली झालीय, तिने ती जूनपर्यंत पुढे ढकलून घेतली. तोवर कॅप्टन झालास तर नोकरी सोडून इथेच राहते, नाहीतर जाते, म्हणाली. चिंता नको म्हटलं.

९ जानेवारी
साखर चालू. थंडी आहे.
साहेब कुठे जाईनात. विमान उभं असलं तरी आठवड्यातून एकदा इंजिन चालवावं लागतं. आज मीच चालवलं. चाळीस मिनिटं, जागच्या जागी. हे तासांत धरत नाहीत.

२७ जानेवारी
उड्डाण. दोन तास. उरले सत्तावीस.
साहेबांच्या आई पहिल्यांदाच सोबत. विमानाला घाबरतात, शिडीशीच थबकल्या. कॅप्टन कागदपत्रांत गर्क, म्हणून मीच पुढे झालो. कुठला आवाज कधी येणार ते समजावलं. धाडकन वाजलं की चाकं आत गेली. मध्येच आवाज पडला तर इंजिन बंद पडलेलं नाही, फक्त हळू केलंय. ऐकून निमूट बसल्या. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. कॅप्टनच्या नाही. कॅप्टन मला पाण्यात पाहतात ते उगाच नाही.

१८ फेब्रुवारी
आईसाहेबांनी हातच सोडला नाही. मी कॉकपिटकडे निघालो की त्याही उठायच्या. टेक-ऑफची ठरलेली वेळ हुकली, दौरा रद्द. साहेब विचारात होते. माझ्याबद्दलच असणार.

४ मार्च
उजव्या सीटवर रोजंदारीचा पायलट आणलाय. सडपातळ, चकचकीत बूट. मी तात्पुरता मागे, आईसाहेबांशेजारी. साहेब मला घरचाच समजतात. एरवी कोण आपली आई परक्याच्या हवाली करतं?
मागचे तास मोजतात का, कॅप्टनना विचारलं. म्हणाले, "मागे बसून तास मिळत असते तर साहेब केव्हाच कॅप्टन झाले असते."
विनोद बरा होता.

३० एप्रिल
आठ फेऱ्या. सगळ्या मागे. उरले सत्तावीस.
उडवायची परवानगी टिकायला नव्वद दिवसांत तीन टेक-ऑफ, तीन लँडिंग हवीत. माझे नव्वद उलटले. काही बिघडत नाही, सिम्युलेटरवर भरून काढता येतं. मागून उलट जास्त शिकायला मिळतं. सडपातळचं लँडिंग आपटतं. वहीत टिपून ठेवतोय, कॅप्टन झालो की त्याला शांतपणे सांगेन.
मॅन्युअल: पान अकरा.

१९ मे
सिम्युलेटरला एकालाच पाठवायचं होतं. सडपातळ गेला. बरोबरच आहे, सरावाची गरज त्यालाच जास्त. शिवाय मी गेलो असतो तर आईसाहेबांकडे कोणी बघायचं?

१ जून, दुपारी
सौ. गेली. स्टेशनवर सोडायला जाणार होतो, पण स्टँडबाय होता. फोन आला की दोन तासांत हजर व्हावं लागतं. फोन आला नाही.
तास विचारणार नाहीस का, म्हटलं. ती बॅगेची चेन लावत होती. "आकडा बदलला की कळव," म्हणाली.
कपाटाचा एक कप्पा रिकामा झाला. तिथे युनिफॉर्म ठेवला. वाईट वाटलं असावं. नक्की सांगता येत नाही. दुपारी झोप लागली.

११ जून
साहेबांनी मला कायम केलं. सडपातळलाही केलं. माझ्या पत्रात 'प्रवासी सेवा' असं लिहिलंय. ऑफिसातली चूक असेल, दुरुस्त करून घेईन. सावकाश. लगेच गेलं तर उतावळेपणा दिसतो.

२६ जून
सौ.ला फोन केला नाही. कळवण्यासारखं काही नव्हतं.
आज हवा खराब. विमान चांगलंच हलत होतं. आईसाहेबांना एकेक आवाज येण्याआधीच सांगत गेलो. एकही चुकला नाही. अजिबात घाबरल्या नाहीत.
मग म्हणाल्या, "इतकं कळतं तुला. विमान चालवायला का नाही रे शिकलास?"
वेळ मिळाला नाही, म्हटलं.
त्यांना ते पटलं.