चार इस्पिकांनंतरचा पास

लोद, रविवार, १७ फेब्रुवारी १९६३

काल संध्याकाळी शब्बाथचा विसावा सुटल्यावर क्लबात ब्रिजचा शेवटचा डाव. जिंकलो असतो तर कप आमचा. मी ‘एक बदाम’ म्हटलं आणि डावीकडच्या रुमानियन बाईंनी एकदम ‘चार इस्पिक’वर उडी मारली. पपा माझे भिडू. त्यांचा अंगठा बराच वेळ पत्त्यांवर फिरत राहिला, मग म्हणाले, “पास.” बाईंच्या नवऱ्याचाही पास. आता मी. पपांकडे चांगले पत्ते आहेत, हे कळलंच होतं. डबल म्हणू, म्हणजे बाई हरल्या तर दंड वाढेल? पण हे माझे पत्ते सांगताहेत की पपांचा अंगठा? भिडूच्या थांबण्याचा फायदा घ्यायचा नाही, हे घरी त्यांनीच शिकवलंय. मी पास म्हटलं. बाईंनी बोललेल्या दहा हातांत तीन कमी पडले, पण डबल नसल्यामुळे दंड थोडाच, आणि कप त्यांनाच.

वाटेत मी रडवेली. पपा म्हणाले, “अगं, चार इस्पिक ऐकून मीच गडबडलो. डबल मी म्हणायचं होतं, तेही चटकन. तू दुसरं काय करणार?”

“पण कप?”

“तुझ्या आईला पुसायला एक वस्तू कमी!”

घरी आईनं गरम चपात्या वाढल्या. हरल्यावर माणसाला इतकी भूक लागते? लाज वाटली, तरी आणखी एक मागून घेतली.