रानोबाचा डावा खांदा

ती. दादास,

धाकटीचा एका हाताने नमस्कार. (दुसऱ्या हातात एक पाय धरलेला आहे. कुणाचा, ते पुढे येईल. दचकू नकोस, त्यात कापूस भरायचा आहे.)

तुझी तब्येत कशी आहे हे विचारण्याची रीत आहे म्हणून विचारते. उत्तर मला पाठ आहे. गेल्या कार्डावर तू लिहिलं होतंस, "बरा आहे. वारा आहे." आमच्या यांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि मागची बाजू उलटून बघितली, की उरलेलं पत्र तिकडे असेल. डोंगरावरच्या त्या हवामान केंद्रात जन्मभर वारा मोजून तू हवामानासारखाच बोलायला लागला आहेस, आणि तेही चांगल्या हवामानासारखं, ज्याबद्दल सांगण्यासारखं काहीच नसतं. निवृत्त झालास तरी तिथून हलत नाहीस. नव्या माणसाला वारा नीट मोजता येत नाही म्हणतोस. असो. आमच्याकडे सगळे ठीक. यांचा गुडघा जिना चढताना बोलतो, उतरताना गप्प असतो. माझं शिवणयंत्र माझ्यापेक्षा तरुण असून माझ्यापेक्षा जास्त कुरकुरतं.

आता भांडणाचं आधी उरकून घेते, म्हणजे पुढचं प्रेमाने लिहिता येईल. गेल्या साली तू आमच्याकडे आलास म्हणे. "म्हणे" अशासाठी, की तुला कुणी बघितलं नाही. मी अस्तराचं कापड आणायला बाजारात, हे पाणीखात्याच्या कचेरीत. परत येऊन बघते तर स्वयंपाकघराच्या ओट्यावर तुझ्या डोंगरावरच्या मधाची बरणी, मागच्या दारापासून ओट्यापर्यंत चिखलाचे पाय, आणि ओट्यापासून मागच्या दारापर्यंत त्याच पायांचा परतीचा प्रवास. खुर्ची हललेली नाही, पेला पालथा होता तसा पालथा. आई गेल्यानंतर तू पहिल्यांदा या घरात आलास आणि माझ्या फरशीशी भेट घेऊन गेलास! ती पुसताना मी तुला काय काय म्हणाले ते लिहिण्यासारखं नाही, पण फरशी इतकी लख्ख त्याआधी कधी निघाली नव्हती.

तर मुख्य बातमी. तुला रानोबा आठवतो ना? आपल्या लहानपणी तो फक्त न जेवणाऱ्या मुलांसाठी राखीव होता. रानात राहतो, अंगभर केस, दारापेक्षा उंच म्हणून कायम वाकलेला, कुणाशी बोलत नाही, आणि दिसलाच तर पाठमोरा. आई त्याचं नाव घ्यायची आणि आपण मुकाट्याने ताट पुसून उठायचो. त्या रानोबाला आता इतके चांगले दिवस आले आहेत, की तो खरोखर असता तर त्याला भाड्याने खोली मिळाली नसती, सगळ्या खोल्या त्याला बघायला आलेल्या पाहुण्यांनी भरल्यात. रानोबाचे मग, रानोबाच्या उशा, रानोबाच्या पावलाच्या आकाराच्या चपला (चालताना दोन्ही पाय एकमेकांवर पडतात, पण लोक चालत नाहीत, फोटो काढतात). रानोबा साबण निघाला आहे. ज्याने जन्मात अंघोळ केली नाही त्याच्या नावाने साबण, आणि तोही जंगलाच्या सुगंधाचा! आमच्या कोपऱ्यावरचा केशकर्तनवाला "रानोबा कट" देतो. म्हणजे तुला खुर्चीत बसवतो, कात्री डोक्याभोवती हवेत चालवतो, आणि उठवतो. यांच्या कचेरीनेसुद्धा पाण्याच्या बिलावर रानोबा छापला आहे, खाली ओळ, "मी पाणी वाया घालवत नाही." हे खरंच असावं, त्याच्याकडे बघून वाटतं.

आता तू विचारशील (विचारणार नाहीस, पण विचारलंस असं धरून चालते), की हे खूळ आलं कुठून. तर चष्मेवाल्यांकडून. आमच्या मागच्या बोळाच्या तोंडाशी त्यांचं दुकान आहे. गेल्या साली एका कातरवेळी ते दुकान आवरत होते आणि त्यांना बोळातून रानाच्या दिशेने जाणारी एक वाकलेली, केसाळ आकृती दिसली. पाठमोरी. त्यांनी हाक मारली, आकृतीने वळून पाहिलं नाही. हे दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर लोकांनी त्याला चष्मेवाल्यांकडेच पाठवलं असतं. पण खुद्द चष्मेवाल्यांनीच बघितल्यावर माणसाने कुणाला कुठे पाठवायचं? आठवड्याभरात गावाची खात्री पटली, आणि खात्री पटली की गाव पहिल्यांदा छापखान्यात जातं.

माझं पडद्यांचं दुकान तेव्हा डुलक्या घेत होतं. लोक हल्ली खिडक्यांना पडदे लावत नाहीत, फोनमध्ये बघत बसतात, त्यामुळे बाहेरच्यांना आत बघण्यासारखं काही उरलेलं नाही. हे एकदा चहा पिता पिता म्हणाले, "अगं, तूही कर की एखादा रानोबा, कापडाचा." मी म्हटलं करते, आणि तिथेच अडले. तुला ठाऊक आहे, आईने मला शिकवताना पहिला नियम घातला होता, मापाशिवाय कापडाला कात्री लावायची नाही, समोरचा राजा असो नाहीतर उशी असो. इतरांना ही अडचण आली नाही. त्यांचे रानोबा बघशील तर एक अस्वल आहे, एक डोळे लावलेला झाडू आहे, आणि एक तर मला आमच्या जुन्या पायपुसण्यासारखा वाटतो, पण ते मी बोलून दाखवलेलं नाही. मला मात्र जो नाहीच त्याचं माप घ्यायचं कुठून, याचाच दोन दिवस घोर लागला. आणि मग खिळ्यावर तुझा कोट दिसला. म्हणजे कोट नव्हे, त्याचा कागदी बेत, ज्यावरून कापड कापतात तो नमुना, तू नोकरीवर निघालास तेव्हा कापला होता तो. अजून तिथेच टांगलेला आहे. उंच, पाठीत पोक, आणि डावा खांदा दोन बोटं उतरलेला, त्या यंत्रांच्या पेटीमुळे. ती पेटी तू सरावासाठी आधीच खांद्यावर घेऊन घरभर हिंडायचास आणि आई म्हणायची, "अरे, माणसाचा तराजू झालाय."

तो बेत मी हिशेबाने लहान केला आणि नाटकगृहाच्या उतरवलेल्या तपकिरी मखमली पडद्याचा रानोबा शिवला. तोंड काही ठरवून केलं नाही. भुवया घातल्या, थोडी दाढी घातली, ओठ घालायचे राहिले तर तसेच बरे दिसले. शिवून टेबलावर उभा केला. हे चहा घेऊन आत आले, दारातच थबकले आणि म्हणाले, "दादा कधी आले?"

मला हसूच आवरेना. (यांनी मात्र तो चहा त्याच्यापुढे ठेवला. सवय, दुसरं काय.)

दादा, हा रानोबा असा खपतो आहे की मला हात पुरत नाहीत. पण मला खपण्यापेक्षा वेगळंच कुतूहल लागलं आहे, आणि ते तुझ्यासारख्या मोजणाऱ्या माणसालाच सांगण्यासारखं आहे. ज्याला कुणी धड बघितलेलं नाही, जो बोलावून येत नाही, आला तर थांबत नाही, त्याला लोक घरी का नेतात? मी विचारायला लागले. दातांचे डॉक्टर सर्वांत मोठा रानोबा घेऊन गेले. मी म्हटलं, तुमचा विश्वास आहे होय? तर म्हणाले, "छे हो! असलं काही नसतं. पण हा असा उभा आहे ना, जणू आत येऊ का विचारायचंय आणि विचारायचं राहून जातंय." एक बसची चालक बाई आली, तिने छोटा घेतला आणि घासाघीस न करता गेली, जाताना एवढंच म्हणाली की आमच्याकडेही एक असाच आहे. एक नवं जोडपं तर दुकानातच भांडलं, रानोबाचं तोंड खोलीकडे करायचं की दाराकडे. तेव्हापासून मी प्रत्येकाला विचारते, कुठे ठेवणार? कपाटावर म्हणणारे, टीव्हीजवळ म्हणणारे, सगळे पुन्हा आले की सांगतात, दाराशी ठेवला. कुणी सांगितलेलं नसताना! याचं कारण मला सापडलेलं नाही. तुझ्याकडे वाऱ्याचं यंत्र आहे, याचं काही असेल तर बघ.

आणि आता संकट. आमच्या रस्त्यावर एक मगवाला आहे. दिसायला गरीब, बोलायला लोणी, आणि कपबश्यांवर चित्रं छापतो. गेल्या महिन्यात त्याच्या खिडकीत नवे मग लागले. बघते तर मगावर तू! त्याच भुवया, तोच न घातलेला ओठ, आणि डावा खांदा दोन बोटं उतरलेला. मी जाब विचारायला गेले, तर उलट त्यानेच रानोबा विक्रेता समितीकडे तक्रार केली, की पडदेवाल्या बाईंनी माझं चित्र चोरून बाहुल्या शिवल्या. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ऐकायच्या असतील तर आमच्या रस्त्यावर राहायला ये.

समितीच्या अध्यक्षीणबाई निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. त्यांनी आम्हा दोघांना असं उभं केलं, की मला आपसूक पाढे आठवायला लागले. मी मगवाल्याला विचारलं, बाबा रे, खांदा उतरलेला का काढलास? म्हणाला, "कलात्मक कारण." मी म्हटलं, कारण त्या खांद्यावर अख्खी नोकरी पेटी लटकत होती! अध्यक्षीणबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "कुणाच्या खांद्यावर? रानोबाच्या? तो नोकरीत होता?" सगळी समिती खो खो हसली. मला राग आला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, की मूळ माणूसच तुमच्यापुढे आणून उभा करते. बाई म्हणाल्या, करा. मोसमी प्रदर्शनाआधी करा, नाहीतर तुमचे रानोबा दुकानातून उचला आणि पडद्यांवर परत जा. पडद्यांवर म्हणजे डुलक्यांवर. रोज सकाळी कुतूहलाने दुकान उघडायची सवय लागल्यावर पुन्हा डुलक्यांवर जाणं किती जड आहे, हे तुला कसं सांगू?

असो. कागद संपत आला. तिकडे थंडी असेल, कान झाकत जा. यांचा नमस्कार, आणि टेबलावर रांगेत बसलेल्या तुझ्या बावीस अवतारांचाही.

तुझी,
धाकटी

ता. क. काम कळलंच असेल. प्रदर्शनाआधी ये. तो कोट घालून ये, दाढी अजिबात करू नकोस, आणि समितीपुढे फक्त उभा राहा. काही बोलावं लागणार नाही, त्यात तुझा हातखंडा आहेच.

दुसरा ता. क. पाकीट चिकटवलं होतं, वाफेवर धरून उघडलं. वरचा ता. क. रद्द समज. काल चष्मेवाल्यांकडे यांचा चष्मा न्यायला गेले होते. ते त्यांची गोष्ट पुन्हा सांगत होते (रोज सांगतात), आणि मी सहज विचारलं, हो, पण नक्की कोणता दिवस? तर ज्या दिवशी मी फरशी पुसत होते तोच! पुढे म्हणाले, "आणि एक सांगू, त्याचा डावा खांदा ना, जरा पडल्यासारखा होता." मी चष्मा घेतला आणि सरळ घरी आले. दादा, अरे, हाक मारली तर वळायला काय होतं तुला? आता विचार कर. तू समितीपुढे उभा राहिलास तर रानोबाचा चेहरा मगवाल्याचा नव्हे, माझा ठरेल, पण लगेच अध्यक्षीणबाई म्हणतील, हा तर यांचा भाऊ, आणि चष्मेवाले म्हणतील, हाच तो! मग साबण गेला, चपला गेल्या, न कापलेले केस गेले, मगवाला गेला (तो जावा) आणि मीही गेले. म्हणून मी समितीला सांगणार आहे, की मूळ माणूस सापडत नाही. रानोबाच तो, यावर कुणाची हरकत नसावी. या वाक्यावर मी एकतर हरेन, नाहीतर माझे रानोबा दुपटीने खपतील. तू समितीसाठी येऊ नकोस. नुसता ये. मागच्या बोळातून, चष्मेवाले दुकान उघडायच्या आत. बुधवारी माझं दुकान बंद असतं.

तिसरा ता. क. यांनी सगळं वाचलं. म्हणाले, "बुधवारी आपण भाजी आणायला गेलो की ते नेमके येऊन जातील." म्हणून बुधवारची भाजी मंगळवारी आणायची ठरली आहे, आणि यांनी मागच्या दारात एक खुर्ची आत्ताच नेऊन ठेवली. आमच्या घरातलाही एक रानोबा तिथेच आहे, दाराकडे तोंड करून. कुणी ठेवला कोण जाणे, मी तर नाही. येताना मध आणलास तर उत्तम, चिखल आणलास तरी चालेल. पण आल्यावर अर्धा तास थांब. तो खिळ्यावरचा बेत फार जुना झाला, डावा खांदा आता आणखी उतरला असणार, आणि माप काही पत्राने घेता येत नाही.