गोव्याच्या डावांआधी

आबा,

रविवारी मी गोव्याला निघतेय, पत्ते खेळायला. तुम्ही दिवाळीला ओट्यावर खेळायचात तसे नाही, पोकरच्या स्पर्धा असतात. सगळ्यांना सारख्या चिप्स, म्हणजे खेळायच्या चकत्या, मिळतात, संपल्या की उठायचं. यंदा एकामागून एक स्पर्धा आहेत आणि दिवसदिवस एका खुर्चीवर बसायचं आहे. मी शिकवते त्या शाळेतून रजा मिळाली, पण मोठ्या बाई म्हणाल्या, "पुढच्या साली एक तर पत्ते, नाही तर शाळा." गेल्या वर्षी मी शेवटच्या टेबलापर्यंत, म्हणजे उरलेल्या मोजक्या खेळाडूंत, पोहोचले होते. समोरचा माणूस हसत म्हणाला, "मॅडम, घर जाके रोटी बनाओ." माझ्या डोक्यात सणक गेली. हातात धड पत्ते नसताना सगळ्या चिप्स पुढे लोटल्या आणि पुढच्या मिनिटाला बाहेर.

म्हणून हल्ली पहाटे तापीच्या काठाने चालते, आणि संध्याकाळी तुमचे जावई स्वयंपाकघरात माझ्यासमोर पत्ते घेऊन बसतात. मला चिडवायचं, हेच त्यांचं काम. परवा भाऊ आला, बघितलं आणि म्हणाला, "आबा असते ना, तंगडं तोडलं असतं तुझं." मी चहाचा कप असा आपटला की कान तुटला. जावई हळूच म्हणाले, "हा तर घरचा माणूस होता. तिथे काय करशील?"

आणि मग जसोंडीचं आपलं केळीचं रान आठवलं. मी तिसरीत होते. तुम्ही घड कापताय, मी मागे चिखलात अनवाणी उभी आहे. तुम्ही वळता आणि थांबता. "हालू नको, पोरी. आज शाळेत काय शिकवलं?" "साताचा पाढा." "म्हण बरं. माझ्याकडे बघून म्हण." मी म्हणत जाते. पावलावर काहीतरी गार सरकतंय, पण तुमचा चेहरा इतका रोजच्यासारखा आहे की मला खाली बघावंसं वाटत नाही. पाढा संपतो. तुम्ही मला उचलून बांधावर ठेवता, तेव्हा नाग पाटाकडे जाताना दिसतो. मग तुम्ही मटकन खाली बसलात. विळा धरवेना, दात वाजत होते. मी विचारलं, "आबा, तुम्ही भ्यालात?" तुम्ही म्हणालात, "लई भ्यालो. पण ते त्याला आन तुला दाखवून कसं चालंल?"

इतकी वर्षं मी भीती आणि राग मारून टाकायला बघत होते. काल जावयांनी मुद्दाम तेच रोटीचं वाक्य टाकलं. कानशिलं तापली. तापू दिली. हातातले पत्ते बघितले, वाईट होते. शांतपणे टाकून दिले, डाव सोडला. मग मोरीत जाऊन नळ सोडला आणि हात थरथरायचे थांबेपर्यंत पाण्याखाली धरले. बाहेर आले तर जावई म्हणाले, "पुन्हा वाटू?" मी म्हटलं, "वाटा."

बॅग भरून झाली आहे. भावाचं बोलणं खोटं आहे, असं मी सगळ्यांना सांगते. पण तुम्ही मला जाऊ दिलं असतं का, हे मला खरंच ठाऊक नाही. कुठेही न जाणाऱ्या या कागदावरसुद्धा तुम्हाला तसं सरळ विचारणारं वाक्य मी दोनदा लिहिलं आणि दोन्ही वेळा खोडलं.